पिल्लू आणायचंय, पण घरात ॲलर्जी आहे? मग हे आधी ऐका

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही शब्द गाळलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

 

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. आवाज बारीक, आणि मागे कुणीतरी शिंकतंय. ती म्हणाली, "ताई, मला कुत्र्याचं पिल्लू हवंय. बाबांना ॲलर्जी आहे. दुकानवाला म्हणतो, अमुक जातीचं घ्या, त्याचे केस गळत नाहीत, काही होणार नाही. घेऊ का?"

मी ती नोट तीनदा ऐकली, कारण अगदी हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात होता. तेव्हा उत्तर मीच दिलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

तर आज ती गोष्ट सांगते. मग शास्त्र काय म्हणतं ते सांगते, आणि शेवटी काय करायचं ते, क्रमाने. लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा. घरी असाल आणि शेजारी तुमचं कुत्रं बसलं असेल, तर त्याला माझ्याकडून एक बिस्कीट.

बर्फीची गोष्ट

आमचं घर पुण्यातलं. दादा, वहिनी, माझा पुतण्या आणि मी. पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. त्याला लहानपणापासून दमा. रोज सकाळ-संध्याकाळ पंप, पावसाळ्यात जरा जास्त त्रास, बाकी मुलगा ठणठणीत. आणि कुत्र्यांचं प्रचंड वेड. सोसायटीच्या गेटवरच्या प्रत्येक कुत्र्याला त्याने नाव ठेवलेलं.

वहिनीचं म्हणणं, "दमा आहे, घरात प्राणी नको." दादा मधल्यामध्ये. मग मी उतरले मैदानात. दोन रात्री मोबाइलवर वाचलं आणि जाहीर केलं, "वहिनी, हायपोअलर्जेनिक नावाचा प्रकार असतो. त्या कुत्र्यांचे केस गळत नाहीत. त्यांची ॲलर्जी होतच नाही." 'होतच नाही' हे माझे शब्द बरं का. विक्रेत्याने तर नंतर फक्त मान डोलावली.

जून महिन्यात शिहत्झूचं पिल्लू घरी आलं. पांढरं-तपकिरी, मुठीएवढं. नाव ठेवलं बर्फी.

पहिले दोन-तीन आठवडे काही झालं नाही. मी विजयी मुद्रेने घरात फिरत होते. मग पोराचं नाक वाहायला लागलं. आम्ही म्हटलं, पावसाळा आहे. मग रात्रीचा खोकला. म्हटलं, शाळेत साथ आली असेल. त्याने स्वतः एकदाही कुरकुर केली नाही. का, ते नंतर कळलं. बर्फी त्याच्या पलंगावर, त्याच्या उशीपाशी झोपायची, आणि ती तिथून हलू नये म्हणून तो खोकला पांघरुणात दाबायचा.

सहाव्या आठवड्यात, रात्री अडीचच्या सुमाराला, वहिनीने माझं दार वाजवलं. पोरगा पलंगाच्या कडेला वाकून बसलेला, खांदे वर-खाली होतायत, वाक्य पूर्ण बोलता येत नाही. पंपाने भागलं नाही. रिक्षा मिळेना, दादाने स्कूटरवरच नेलं, वहिनी मागे धरून बसली. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, पहाटे श्वास लागी लागला.

मी घरी थांबले होते. बर्फी माझ्या मांडीवर. तिला बिचारीला काय कळणार!

ऑगस्टमध्ये बर्फी वहिनीच्या मावसबहिणीकडे साताऱ्याला गेली. चांगलं घर आहे, ती मजेत आहे. पण निघताना गाडीच्या काचेला तिने नाक लावलं होतं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. आणि त्या रात्री पुतण्याने मला विचारलं, "आत्या, मी श्वास नीट घेतला असता तर ती राहिली असती ना?"

नऊ वर्षांचं पोर. स्वतःच्या फुप्फुसांना दोष देत होतं. आणि चूक होती माझी.

म्हणून हा एपिसोड.

आधी एक गैरसमज: केसांचा दोष नाही

आपण 'कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी' म्हणतो. खरं तर ॲलर्जी होते ती कुत्र्याच्या शरीरात तयार होणाऱ्या काही प्रथिनांची. ही प्रथिनं असतात लाळेत, कातडीवरून सुटणाऱ्या कोंड्यात, आणि लघवीत. शास्त्रज्ञांनी त्यांना नंबर दिलेत: कॅन एफ १, कॅन एफ २ असे. 'कॅन' म्हणजे कॅनिस, कुत्र्याचं शास्त्रीय नाव. यातलं सगळ्यात महत्त्वाचं कॅन एफ १.

कुत्रं अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते. कातडीचा बारीक कोंडा केसांत अडकतो. म्हणजे केस हे नुसतं वाहन. प्रवासी वेगळाच आहे.

आणि हा प्रवासी किती बारीक असतो? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. कोंड्याचे काही कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान. असे कण पंख्याच्या वाऱ्यावर तासन् तास तरंगतात आणि थेट छातीत खोलवर जातात. गादीत, पडद्यात, सोफ्यात बसतात. कपड्यांना चिकटून शाळेत, ऑफिसात जातात. ज्या घरात कधीच कुत्रं नव्हतं, अशा घरांच्या धुळीतही कॅन एफ १ सापडलंय.

आता सांगा, केस कमी गळाले म्हणून लाळ कमी होणार आहे का? कातडी नाहीशी होणार आहे का? नाही ना! मग केस न गळणारं कुत्रं म्हणजे ॲलर्जी न करणारं कुत्रं, हे गणितच चुकलं. आणि आखूड केसांचं कुत्रं चालेल, हेही त्याच वर्गातलं.

मग 'हायपोअलर्जेनिक' हे आलं कुठून?

ही गोष्ट फार छान आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत काम करत होते. हवाईमधल्या एका अंध बाईंनी विचारलं: मला कुत्रं हवंय, पण माझ्या नवऱ्याला ॲलर्जी आहे, काही करता येईल का? कॉनरननी आधी बरेच पूडल तपासून पाहिले. त्या कामाला एकही जमेना. मग त्यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले.

आणि नवऱ्याला त्रास झाला नाही तो फक्त एकाच पिल्लाचा. त्याचं नाव सुलतान.

इथे जरा थांबा. तीन सख्खी भावंडं, एकच आई, एकच बाप. त्यातलं एकच चाललं. म्हणजे कॉनरनच्या प्रयोगातून खरं तर काय सिद्ध झालं? की जात बघू नका, ते एक विशिष्ट कुत्रं बघा. जगाने काय ऐकलं? की लॅब्राडूडल ही जात ॲलर्जी करत नाही! मग जिकडे तिकडे अशी मिश्र कुत्री पैदा करणं सुरू झालं. म्हातारपणी, २०१९ मध्ये, कॉनरननी जाहीरपणे सांगितलं की लॅब्राडूडल तयार केल्याचा आपल्याला आयुष्यभर पस्तावा आहे.

मग २००९ साल. अमेरिकेत ओबामा कुटुंब व्हाइट हाउसमध्ये राहायला गेलं. थोरल्या मुलीला, मालियाला ॲलर्जी. त्यांनी बो नावाचं पोर्तुगीज वॉटर डॉग आणलं. जगभर बातम्या झाल्या आणि हा शब्द घरोघरी पोचला. आपल्याकडे तोच शब्द शिहत्झू, माल्टीज, ल्हासा, पूडल यांच्या जाहिरातीत येऊन बसला.

पण शब्दाचा अर्थ बघा. 'हायपो' म्हणजे कमी. शून्य नाही. आणि कमी तरी आहे का? २०११ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या संशोधकांनी एकेक कुत्रं असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली. एकूण ६० जातींची कुत्री. तथाकथित हायपोअलर्जेनिक जातींच्या घरांत आणि इतर घरांत कॅन एफ १ च्या प्रमाणात फरक आढळला नाही. पुढच्या वर्षी नेदरलँड्समध्ये थेट कुत्र्यांच्या केसांचे नमुने तपासले, तर या 'सुरक्षित' जातींच्या केसांत कॅन एफ १ उलट जास्तच निघालं. लॅब्राडूडल असलेल्या घरांत जमिनीवरच्या धुळीत ते थोडं कमी होतं, पण हवेत मात्र फरक नव्हता. आणि श्वास आपण हवेतून घेतो, जमिनीवरून नाही.

एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमध्येही खूप फरक असतो. म्हणून 'कुठली जात आणू' हा प्रश्नच सोडून द्या. प्रश्न हवा: 'हे समोरचं कुत्रं आमच्या या माणसाला चालतंय का?'

पहिली पायरी: ॲलर्जी नक्की कशाची?

बर्फी गेल्यानंतर आम्ही शेवटी ते केलं, जे तिला आणण्याआधी करायला हवं होतं. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी स्किन प्रिक टेस्ट केली. हाताच्या आतल्या बाजूला वेगवेगळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून कातडीला अगदी हलकं टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत, जिथे ॲलर्जी आहे तिथे डास चावल्यासारखी गांधी उठते. पोराने डोळे घट्ट मिटले होते, पण नंतर म्हणाला, "एवढंच?" ही टेस्ट करायच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल चुकतो. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळ्या थांबवू नका. आणि दम्याचा पंप तर अजिबात नाही! ज्यांना टोचणं शक्य नसेल, त्यांच्यासाठी रक्ताची तपासणी असते.

निकाल काय आला? कुत्रं: मध्यम. घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट: सगळ्यात मोठी गांधी.

म्हणजे गादीतल्या अदृश्य किड्यांनी पोराची छाती आधीच हैराण करून ठेवली होती, आणि त्यावर बर्फीचा भार पडला. डॉक्टर म्हणाल्या, "ॲलर्जी ही भरत आलेल्या बादलीसारखी असते. शेवटचा तांब्या कुणी ओतला, एवढंच आपण बघतो."

आपल्याकडे ही बादली भरणारे भरपूर आहेत. मुंबई-कोकणात दमट हवा, म्हणजे डस्ट माइट आणि बुरशीचं राज्य. झुरळं तर सगळीकडेच. पुण्याकडे आणि देशावर गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, मग देशभर पसरलं. पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर पांढऱ्या फुलांचं रान माजतं ना, तेच. त्याच्या परागांनी कितीतरी जणांना शिंका येतात आणि अंगाला खाज सुटते.

म्हणून टेस्ट दोन्ही बाजूंनी उपयोगी. कधी कळतं, की कुत्र्याचा दोष नव्हताच. कधी कळतं, की आहे आणि जबरदस्त आहे, तर नाद सोडा. आणि टेस्टमध्ये गांधी आली म्हणजे त्रास होणारच, असंही नाही. निकाल आणि प्रत्यक्ष लक्षणं, दोन्ही जुळवून डॉक्टर सांगतील.

अजून एक गमतीची माहिती. कॅन एफ ५ नावाचं प्रथिन नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं. काही लोकांना फक्त याचीच ॲलर्जी असते. अशा माणसाला मादी किंवा नसबंदी केलेला नर चालू शकतो. कुठल्या प्रथिनाची ॲलर्जी आहे हे सांगणारी रक्ताची वेगळी तपासणी असते. तुमच्या बाबतीत ती करण्यात अर्थ आहे का, हे डॉक्टरांना विचारून बघा.

दुसरी पायरी: आधी पाहुणा, मग घरचा

समजा डॉक्टर म्हणाले, सांभाळून प्रयत्न करून बघायला हरकत नाही. आता काय? लगेच पिल्लू आणायचं? नाही!

पिल्लू एवढंसं असतं. त्याची कातडी किती, लाळ किती! ते आठ-दहा महिन्यांचं होतं, घरभर फिरतं, प्रत्येक उशीवर लोळतं, तेव्हाचं घर वेगळं असतं. शिवाय ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असं नाही. आमच्याकडे पहिले दोन-तीन आठवडे शांत गेले, आठवतंय ना? बादली भरायला वेळ लागतो. म्हणून दुकानात दहा मिनिटं पिल्लू मांडीवर घेतलं आणि शिंक आली नाही, ही परीक्षा नाहीच.

आम्ही काय केलं ते सांगते. आधी ओळखीच्यांकडे, जिथे कुत्रं आहे तिथे, जायला सुरुवात केली. एकदा तासभर, मग दोन-तीन तास, वेगवेगळ्या दिवशी. त्या रात्रीही लक्ष ठेवायचं, दुसऱ्या दिवशीही. काही त्रास उशिरा उठतो.

मग फॉस्टरिंग. म्हणजे रस्त्यावरून सोडवलेली किंवा कुणी सोडून दिलेली कुत्री, कायमचं घर मिळेपर्यंत काही आठवडे सांभाळायची. हे काम करणारे गट आपल्या बहुतेक शहरांत आहेत. त्यांना आम्ही पहिल्याच फोनवर सगळं खरं सांगितलं: मुलाला दमा आहे, कुत्रं ठेवून घेण्याची खात्री देता येणार नाही, आणि एका फोनवर परत न्यावं लागेल. एका गटाने नाही म्हटलं, त्यांचं बरोबरच होतं. दुसऱ्याने हो म्हटलं.

आणि घरात एक नियम केला. येणारं कुत्रं 'आपलं' म्हणायचं नाही. पाहुणा म्हणायचं. पोराला वहिनीने समोर बसवून सांगितलं, "पाहुणा राहिला तर आनंद, गेला तर कुणाचीच चूक नाही. तुझी तर नाहीच नाही."

डॉक्टरांनी एक छोटी वस्तू घ्यायला लावली: पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची नळी, जोरात फुंकायचं, काटा सरकतो. उभं राहून तीनदा फुंकायचं, त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. सकाळ-संध्याकाळ. आपला नेहमीचा सगळ्यात चांगला आकडा माहीत हवा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक, ५० ते ८० म्हणजे सावध, ५० च्या खाली म्हणजे ताबडतोब दवाखाना. मूल खोकला लपवू शकतं मंडळी, काटा लपवू शकत नाही.

पहिला पाहुणा फेब्रुवारीत आला. चार वर्षांचा लॅब्राडोर, शहाणा, म्हाताऱ्या आजोबांसारखा. पाचव्या दिवशी आकडा उतरला. त्याच संध्याकाळी फोन केला, दुसऱ्या दिवशी तो परत गेला. पोरगा रडला. पण या वेळी तो स्वतःवर चिडला नाही. म्हणाला, "याच्याशी माझं जमत नाही, आत्या. दुसरा बघू." मला तेव्हा कळलं, की बर्फीच्या वेळी आपण नेमकं काय मोडलं होतं आणि आता काय जोडलं जातंय.

इथे एक ताकीद, अगदी स्पष्ट. ज्याचा दमा आटोक्यात नाही, ज्याला दम्यामुळे ॲडमिट व्हावं लागलंय, किंवा ज्याला आठवड्यातून अनेकदा आराम देणारा पंप लागतो, त्याच्यावर असले प्रयोग करायचे नाहीत. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय तर कुणावरच नाही. दमा म्हणजे साधी सर्दी नव्हे. त्याने जीव जातो.

तिसरी पायरी: घर बदला, कुत्रं येण्याआधी

सगळ्यात मोठा नियम एकच: ॲलर्जी असलेल्या माणसाची झोपायची खोली कुत्र्याला बंद. कायम बंद. आपण दिवसातले सात-आठ तास तिथे श्वास घेतो. बर्फीच्या वेळी आम्ही सगळ्यात मोठी चूक केली ती हीच.

आपल्या घरांचा एक फायदा आहे: फरशी. गालिचा नाही. पण केरसुणीने झाडलं की सगळं हवेत उडतं आणि वर पंखा. म्हणून रोज ओल्या फडक्याने पुसायचं. जाड पडदे काढून टाका. गादी आणि उशीला माइट अडवणारी, चेन असलेली कव्हरं घाला. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा. परवडत असेल तर झोपायच्या खोलीत हेपा फिल्टरचं एअर प्युरिफायर. ते हवेतले कण पकडतं. गादीतले नाही, हे लक्षात ठेवा.

कुत्र्याला रोज ब्रश करायचं, पण ज्याला ॲलर्जी नाही त्याने, आणि गॅलरीत किंवा खाली. कुत्र्याचं अंथरूणही दर आठवड्याला धुवायचं. कुत्र्याला तोंड चाटू द्यायचं नाही, हात लावल्यावर हात धुवायचे.

आणि आंघोळ? आंघोळीने कॅन एफ १ खरंच कमी होतं, पण थोड्याच दिवसांत परत चढतं. तो परिणाम टिकवायचा तर आठवड्यातून दोनदा घालावी लागते, असं तपासणीत दिसलंय. इतक्या आंघोळी सगळ्या कुत्र्यांच्या कातडीला मानवत नाहीत. कातडी कोरडी पडली तर कोंडा वाढतो, म्हणजे उलटंच. तुमच्या पशुवैद्यांना विचारून ठरवा.

कुत्रं घरातून गेलं तरी त्याचे कण काही महिने घरात राहतात. बर्फी गेल्यावर लगेच फरक पडला नाही, तेव्हा मी म्हणायला लागले होते, "बघा, तिचा दोष नव्हताच." तेही चूक. धुळीत ती अजून होतीच.

आणि पिल्लूच हवं असेल तर?

पिल्लाचा मोह मला समजतो. पण मग एवढं करा.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी विकत असेल, तर तिथून निघा. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे ते बेकायदा आहे. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते, ती बघायला मागा. पिल्लाची आई दाखवायला सांगा, आणि ॲलर्जी असलेल्या माणसाने आई-बापाबरोबर दोन-तीन वेळा वेळ घालवावा. अर्थात सुलतानची भावंडं आठवा: आई चालली म्हणजे पिल्लू चालेलच, असं नाही. 'याची ॲलर्जी होत नाही' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला एकच विचारा, "झाली तर परत घ्याल का? लिहून द्या." बहुतेकांचा आवाज तिथेच बसतो.

आणि घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवा: नाहीच जमलं तर हे पिल्लू कुणाकडे जाणार? नाव ठरलेलं हवं, त्या माणसाचा होकार घेतलेला हवा. आमचं नशीब की साताऱ्याची ती बहीण होती. नाहीतर अशी कुत्री कुठे सापडतात, माहितीये? हायवेच्या कडेला, गळ्यात पट्टा असलेली.

तर मग...

एप्रिलमध्ये आमच्याकडे दुसरी पाहुणी आली. दहा महिन्यांची देशी कुत्री, नसबंदी झालेली, एक कान उभा, एक पडलेला. केस आखूड, पण भरपूर गळतात! माझ्या त्या जुन्या हिशेबाने ही 'सगळ्यात वाईट' निवड. पहिला आठवडा: आकडा स्थिर. दुसरा: स्थिर. तिसऱ्या आठवड्यात एकदा थोडा उतरला, तेव्हा कळलं की साहेबांनी तिला गुपचूप खोलीत घेतलं होतं. दार बंद, आकडा परत वर. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी छाती तपासली, वही बघितली आणि म्हणाल्या, "चालू द्या. पण वही आणि पंप दोन्ही सोडायचे नाहीत."

तिचं नाव चिंगी. ठेवलं त्यानेच, पण पाहुणी म्हणून नव्हे, घरची झाल्यावर.

आता सगळं छान छान आहे, असं मी म्हणणार नाही. पोराचा रोजचा पंप चालू आहे. पावसाळ्यात त्रास होतो. चिंगी रात्री त्याच्या दाराबाहेर पायपुसण्यावर झोपते, तो आत. मधलं दार बंद. कधी कधी दाराखालच्या फटीतून तो बोटं बाहेर काढतो आणि ती त्यावर नाक टेकते. वहिनी बघून न बघितल्यासारखं करते. आणि सकाळी हात धुवायला लावते.

तर माझ्या व्हॉइस नोटवाल्या मैत्रिणी, तुझं उत्तर. दुकानात आत्ता जाऊ नकोस. आधी बाबांना डॉक्टरांकडे ने. मग एखाद्या कुत्र्याला पाहुणा म्हणून बोलाव. जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर खालच्या भुभूंना रोज संध्याकाळी खाऊ घाल, एखाद्या गटात रविवारी मदतीला जा, घरी येऊन कपडे बदल. तेही कुत्र्यावरचं प्रेमच आहे. पण बाबांना कधी असं वाटू देऊ नकोस, की त्यांच्या शिंकेमुळे तुझं काही अडलं.

तुमच्या घरात असं काही घडलंय? व्हॉइस नोट पाठवा. मागे कुणी शिंकत असेल तरी चालेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या. चिंगी, बास आता, माइक चाटू नकोस!